भावकीनं दिलेले गुण

घरी पाहुणे आले आणि त्यांनी "साहेब सध्या काय करतेत?" असं विचारलं, की आमची मंदा मला तोंड उघडू देत नाही. "गुन वाटतेत लोकायला," ती सांगते. "घरात वाटायला उरत न्हाईत." पाहुणे हसतात, मीही हसतो, कारण त्यात खोटं काही नाही. पशुसंवर्धन खात्यातून पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो आणि तेव्हापासून 'दावण' नावाच्या संकेतस्थळावर नियंत्रक आहे. अंबाजोगाईतल्या आमच्या घरात जिथं पूर्वी ज्वारीच्या कोठ्या होत्या, त्या खोलीत माझं ऑफिस आहे. एक टेबल, एक संगणक आणि एकाच वेगानं फिरणारा पंखा.

पर्यवेक्षक म्हणजे डॉक्टर नव्हे. जनावरांना लस टोचणे, जखम धुणे, डॉक्टर येईपर्यंत मालकाला धीर देणे, असं ते काम. पण केज तालुक्यात होतो तेवढी वर्षं लोक मला 'डॉक्टरसाहेब'च म्हणत आले. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. मग थकलो, आणि पुढं पुढं ते आवडायला लागलं. न कमावलेली पत अंगावर कशी चढते आणि ती उतरवायला माणूस कसा राजी नसतो, याचं शिक्षण मला सरकारी खर्चानं मिळालेलं आहे.

दावणीचं काम समजायला सोपं आहे. जनावरं पाळणाऱ्यानं प्रश्न विचारायचा, ज्याला माहीत असेल त्यानं उत्तर द्यायचं. वाचणाऱ्याला उत्तर पटलं तर तो शाबासकी देतो, म्हणजे उत्तर देणाऱ्याच्या नावावर दहा गुण चढतात. चुकीचं वाटलं तर नापसंती, दोन गुण उतरतात. नापसंती देणाऱ्याचाही एक गुण जातो, म्हणजे उगाच कुणी कुणाला हाणत सुटू नये. ज्याचा प्रश्न असतो तो शेवटी एका उत्तरावर 'हेच बरोबर' अशी खूण करतो, त्याचे पंधरा. कुणी कुणाला मत दिलं ते गुप्त राहतं, मलाही दिसत नाही. गुण साठतील तसे हक्क वाढतात. खातं उघडताना भेट मिळालेल्या थोड्या गुणांवर विचारायचं, सांगायचं आणि मत द्यायचं, मग दुसऱ्यांची वाक्यं नीट करायची, आणि बरेच गुण झाले की बिनकामाचा प्रश्न बंद करायचा. त्याच्याही वर नियंत्रक बसतो. तो भांडणं मिटवतो आणि खोटी खाती पकडतो.

या गुणांचं बाजारात काही येत नाही. तरीही माणूस त्यांच्यासाठी काय काय करतो ते मी रोज बघतो, आणि बघायला मला लांब जावं लागत नाही. सकाळी चहाच्या आधी मी माझे गुण बघतो. ज्या दिवशी दोन उतरलेले असतात, त्या दिवशी चहा पांचट लागतो आणि मंदाला बोलणी बसतात.

दावणीवर सगळ्यांत जास्त गुण माझ्या नावावर आहेत, हे इथं नम्रपणे नमूद करतो. नमूद करा असं कुणी सांगितलेलं नाही. ते कशाचे आहेत हेही सांगायला हवं. गाईच्या कासेला सूज येऊन ती दगडासारखी होते, त्या आजारावर मी पुस्तकं काढून, जुन्या सहकाऱ्यांना फोन करून एक उत्तर लिहिलं. त्याला दोन शाबासक्या मिळाल्या, त्यातली एक मंदाच्या भावाची असावी. आणि एकानं विचारलं, "आमची म्हैस रुसून बसली आहे, उपाय सांगा." मी वैतागून लिहिलं, "सासरी कुणी काही बोललं का ते विचारा." त्यावर अख्खा जिल्हा लोटला. माझ्या गुणांचा मोठा वाटा त्या म्हशीचा आहे. याचं कारण मला पुढं उमगलं. मत द्यायला आधी उत्तर कळावं लागतं. कासेच्या आजारातलं बारकं कळणारी माणसं चार, आणि म्हशीचं रुसणं सगळ्यांनाच कळतं.

दावण उभी केली ती पुण्याच्या निखिल नावाच्या तरुणानं आणि त्याच्या मित्रानं. निखिल हुशार, बोलायला मऊ, आणि जनावराला हात लावण्यापूर्वी त्याची परवानगी घेणारा. गुणांची सगळी पद्धत त्यानं परदेशातल्या असल्याच जागांवरून घेतली होती. तिथं म्हणे लोक एकमेकांना ओळखत नाहीत. आपल्याकडं केजचा माणूस माजलगावच्या माणसाला ओळखत नसला, तरी त्याच्या मेव्हण्याला ओळखतो. शिवाय आपल्याला आहेराची सवय. कुणी आपल्या कार्यात टोपी-टॉवेल दिला, की त्याच्या कार्यात आपण टोपी-टॉवेल न्यायचा, नाही नेला तर संबंध गेला. लोकांनी शाबासकीचं तेच केलं. उत्तर वाचायचं कारणच उरलं नाही.

निखिलच्या यंत्राला मात्र आहेर कळत नव्हता. दोन माणसं एकमेकांनाच शाबासक्या देताना दिसली, की पहाटे ते यंत्र सगळ्या काढून टाकायचं. माजलगावकडच्या दोन साडूंचं असंच झालं. ऊस शेजारी, म्हशी शेजारी, अगदी सख्ख्या भावांसारखे राहणारे. थोरल्यानं धाकट्याच्या सगळ्या उत्तरांना ओळीनं शाबासकी दिली, धाकट्यानं रीतीप्रमाणं परत केली. पहाटे यंत्रानं दोघांचीही काढली. मतं गुप्त, त्यामुळं थोरल्याला वाटलं धाकट्यानं दिलेलं काढून घेतलं, आणि धाकट्याला वाटलं थोरल्यानं. विचारणं कमीपणाचं, म्हणून कुणी विचारलं नाही. पोळ्याला एकमेकांच्या दारात जाणं बंद झालं. शेवटी त्यांच्या सासूबाईंचा मला फोन आला.

"दोन्ही जावई तोंडं फुगवून बसलेत. काय घातलंय बाबा तुमी त्या मोबाइलात?"

मी एसटीनं माजलगावला गेलो. दोघांना एका बाजेवर बसवून यंत्राचं काम समजावून सांगितलं. दोघांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग थोरला म्हणाला, "म्हंजी गुन तुमी काढले?" धाकटा म्हणाला, "अन् आमी खालीपिली एकमेकावर रुसलो." त्या क्षणी त्यांची दिलजमाई झाली, ती आजतागायत टिकून आहे. मी कुठंही उत्तर लिहिलं की थोड्या वेळात त्यावर दोन नापसंत्या येतात. मतं गुप्त असल्यामुळं मी कुणाचं नाव घेत नाही.

इतकं झाल्यावर शहाण्या माणसानं यंत्र सैल करा म्हणून सांगितलं असतं. मी पुण्याला उलटी सूचना पाठवली. ज्याला खोट्या खात्यांतून मतं पडतील, त्याचं खातं महिनाभर बंद करावं आणि त्याच्या नावावर सगळ्यांना दिसेल अशी लाल पट्टी लावावी, 'खोट्या मतांमुळे खाते बंद'. निखिल म्हणाला, "सर, आधी त्या माणसाला एकट्याला कळवूया ना. त्याला कदाचित माहीतही नसेल." मी म्हणालो, "चारचौघांत कळल्याशिवाय आपल्याकडं कुणी सुधारत नाही." हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं, की पुढच्या बैठकीत मी ते पुन्हा म्हणालो. नियम मंजूर झाला. नियंत्रकानं कुठल्याही सदस्याबद्दल बाहेर अक्षर बोलायचं नाही, हाही नियम त्याच बैठकीत मीच घालून घेतला.

आता नागनाथ. नांदूरघाटच्या बाजूचा शेळ्या पाळणारा मुलगा. आईबाप लवकर गेले, चुलत्यांनी वाढवलेला. दावणीवरची सगळ्यांत सरळ उत्तरं त्याची. माझी पद्धत अशी की आधी आजाराची व्याख्या, मग प्रकार, मग सावधगिरी, तोवर जनावर एक तर उठतं किंवा उरत नाही. तो लिहायचा, "माझ्या शेळीला असंच झालं होतं. मी आधी हे केलं, ते चुकलं. मग ते केलं, उठली. तरी डॉक्टरला बोलवाच." गुण बेताचेच होते. चुकलं असं कबूल करणाऱ्याला शाबासकी देताना आपल्या लोकांचा हात आखडतो.

त्याची सोयरीक जुळत आली होती. मुलगी मनीषा, इथं अंबाजोगाईत नर्सिंग शिकणारी. तिचे वडील आश्रुबा माजलगाव धरणाच्या अलीकडं शेळ्या-मेंढ्या राखणारे, दावणीचे जुने सदस्य. बघणं झालं, मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. सुपारी फोडायची तेवढी राहिली. आपल्याकडं सुपारी फोडायच्या आधी चौकशी होते. मुलाच्या शेजाऱ्याला, किराणा दुकानदाराला, शाळेतल्या मास्तरांना हळूच विचारतात. आश्रुबांनी निघताना चपला घालता घालता सहज म्हटलं, "पोराचं नाव दावनीवर बघंन म्हनतो."

हे नागनाथच्या चुलत्यानं, भागवतरावांनी ऐकलं. भागवतराव म्हणजे ग्रामपंचायतीच्या निवडणुका अंगावर घेतलेला माणूस. त्यांनी पुतण्याचे गुण बघितले आणि त्यांना ते फार कमी वाटले. पोरगं आपलं, सोयरीक तोंडावर आलेली, आणि नावावर एवढेच गुण! त्यांनी सगळी भावकी लिंबाखालच्या पारावर जमवली. एकाच्या मोबाइलचं नेट सगळ्यांनी वापरलं आणि एकेकानं खातं उघडलं. ज्या आजीनं जन्मात मोबाइल हातात धरला नव्हता तिच्याही नावानं उघडलं. मग सगळ्यांनी मिळून नागनाथच्या प्रत्येक उत्तराला शाबासकी दिली. ज्यात त्यानं 'मी चुकलो' लिहिलं होतं, त्यालाही दिली. नागनाथ त्या वेळी शेळ्या घेऊन केजच्या बाजाराला गेला होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

पहाटे यंत्रानं बघितलं. एवढी नवी खाती, सगळ्यांचं नेट एक, सगळ्यांचा लाडका एक. ती सगळी मतं काढून यंत्रानं ते प्रकरण मंजुरीसाठी माझ्यापुढं ठेवलं. बटण माझ्याच हातात होतं. मुलाला एक फोन करून विचारायला काही हरकत नव्हती. पण नियम नवीन होता, माझा होता, आणि तो चालतोय हे बघायची मला घाई झाली होती. मी बटण दाबलं. नागनाथच्या नावावर लाल पट्टी लागली.

संध्याकाळी आश्रुबांचा फोन आला.

"डॉक्टरसाहेब, एकच इचारतो. ह्यो पोरगा खोटा हाय का?"

तोवर मी त्याची जुनी उत्तरं पुन्हा चाळली होती. हा मुलगा असलं काही करणार नाही, असं मन सांगत होतं. पण आडवा माझाच नियम. मी घसा साफ केला आणि सांगितलं, "आश्रुबा, एखाद्या खात्यावरील कारवाईबाबत नियंत्रकास भाष्य करता येत नाही."

ते म्हणाले, "म्हंजी हाय," आणि फोन ठेवला.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुलाकडं निरोप धाडला की सोयरीक जमणार नाही.

त्यानंतर भावकी टेम्पो भरून आमच्या दारात आली. पुढं भागवतराव. मंदानं सगळ्यांना पाणी दिलं, चहा टाकला, आणि मी कोठ्यांच्या खोलीतल्या खुर्चीवर न्यायाधीशासारखा बसलो.

"साहेब, पोराची इज्जत गेली," भागवतराव म्हणाले. "काय गुन्हा केला आमी? आमचं पोरगं हाय, आमी गुन दिले. दुसरं कोन देनार?"

"भागवतराव, मत उत्तराला द्यायचं असतं. माणसाला नाही."

"उत्तर काय झाडाला लागतंय का? मानसानंच दिलं ना त्ये?"

"पण तुम्ही ती उत्तरं वाचली का?"

"कावून वाचायची? लहानपनापसून बघतो त्याला. पोरगा चांगला हाय का न्हाई, ह्ये आमाला वाचून कळनार का?"

गुणांची सगळी पद्धत एवढ्यासाठीच केलेली, की अनोळखी माणसाचा भरवसा किती धरायचा ते कळावं. ज्यांनी त्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्यांची साक्ष मात्र यंत्रात बसत नव्हती. उलट त्या साक्षीनंच तो खोटा ठरला होता. हे मी भागवतरावांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते की मग यंत्र येडं हाय, आणि मला ते कबूल करावं लागलं असतं.

नागनाथ टेम्पोतून उतरलाच नव्हता. मी बाहेर गेलो. तो फाळक्याला टेकून बसला होता.

"साहेब, मला म्हाईत न्हवतं," तो म्हणाला. "मी बाजाराला गेलतो. पर त्यांनी केलं ते माझ्यापायीच केलं. तुमी त्यांचं नाव लिवू नका कुठं. काका लई मोठ्या मानाचा मानूस हाय गावात."

मी तेच करायच्या विचारात होतो. पट्टी काढायची आणि खाली सगळ्यांना दिसेल असा खुलासा लिहायचा, की मुलगा निर्दोष आहे, मतं त्याच्या भावकीनं परस्पर दिली. एका ओळीत काम झालं असतं आणि मीही सुटलो असतो. पण त्या ओळीनं भागवतराव जिल्हाभर हसू झाले असते, आणि मुलाला ते नको होतं. मी नुसती पट्टी काढली, खातं मोकळं केलं. आश्रुबांना फोन केला, त्यांनी उचलला नाही. पट्टीचा फोटो कुणाच्या मोबाइलवरून कुणाच्या मोबाइलवर जायचा तेवढा गेलेलाच होता. नागनाथनं दावणीवर लिहिणं बंद केलं.

मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर लाज वाटली. मंदा कप उचलता उचलता म्हणाली, "पोराला एक फोन केला असता तर तुमचे किती गुन कमी झाले असते?" मी म्हणालो, "एकही नाही." ती म्हणाली, "मंग?"

काही दिवसांनी दावणीवर एक प्रश्न आला. विचारणारी मनीषा. तिचं खातं जुनं होतं, पण तिनं आजवर करडांच्या हगवणीबद्दल, लसीबद्दल असलंच थोडंफार विचारलं-सांगितलं होतं. आता तिनं विचारलं होतं, "एखाद्याचं खातं खोट्या मतांमुळे बंद झालं, तर त्याने आधी दिलेली उत्तरं खरी धरायची की नाही?" आणि त्या प्रश्नावर इनाम लावलं होतं.

इनाम म्हणजे काय ते सांगतो. आपल्या प्रश्नाकडं लोकांचं लक्ष जावं म्हणून आपण आपल्याच नावावरचे गुण पणाला लावू शकतो. ज्याचं उत्तर आपण निवडू त्याला ते मिळतात. पण चांगलं उत्तर आलं नाही तरी ते आपल्याला परत मिळत नाहीत, लावले ते गेले. त्यामुळं लोक जपून लावतात. मनीषानं होते तेवढे सगळे लावले होते. मत द्यायचा हक्कही तिच्याकडं उरला नव्हता.

नियमानं तो प्रश्न बंद करायला हवा होता. त्यात जनावर नाही, आजार नाही, चारा नाही. असले ढीगभर प्रश्न मी 'विषयाबाहेर' म्हणून विचार न करता बंद केलेले आहेत. दोन सदस्यांच्या तक्रारीही आल्या. निखिलचा फोन आला, "सर, हा बंद करायचा ना?" मी म्हणालो, "बघतो." सरकारी खात्यात या एका शब्दावर मी बरीच वर्षं काढली आहेत. या वेळी त्या शब्दाचा पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला.

मग मला राहवेना, मी स्वतःच उत्तर लिहायला बसलो. आठ परिच्छेद झाले. त्यात विश्वास म्हणजे काय, मत म्हणजे काय, यंत्राच्या मर्यादा कोणत्या, सगळं होतं. फक्त धरायची की नाही ते नव्हतं, कारण नियंत्रकास भाष्य करता येत नाही. त्याला चहा होईपर्यंत नापसंत्या आल्या. या वेळी फक्त साडूंच्या नव्हत्या, आणि सगळ्या वाजवी होत्या.

बाकीच्यांनी थोडक्यात लिहिलं. कुणाचं करडू वाचलं होतं, कुणाच्या बोकडाची जखम भरली होती. परळीकडच्या एका बाईंनी लिहिलं, "त्याचं खातं बंद झालं म्हणून माझी शेळी परत आजारी पडली न्हाई." मी लाख शब्द लिहून जे सांगू शकलो नसतो, ते त्या बाईंनी एका ओळीत सांगितलं. मला हेवा वाटला.

मनीषानं कशावरच खूण केली नाही. ती वाट बघत होती. रविवारी ती गावी गेली आणि दुपारी एक नवं उत्तर आलं. खाली नाव आश्रुबांचं. बोलले ते आणि टाइप केलं तिनं, हे सरळ दिसत होतं, पण तिनं एक शब्दही सुधारला नव्हता.

"खरी धरावी. माझी गाभन शेळी फुगली व्हती. दावनीवर इचारलं तर डॉक्टरसाहेबाचं उत्तर लई मोठं व्हतं, वाचून होईना. त्याच्या खाली कुनीतरी चार वळी लिवल्या व्हत्या. पुढचे पाय उंचावर घ्या, डावी कूस चोळा, तेल पाजायचं तर ठसका लागू न देता सावकाश पाजा अन् डॉक्टरला बोलवा. तसंच केलं. डॉक्टर येईस्तोवर शेळीनं दम धरला. पर 'हेच बरोबर' ही खून मी डॉक्टरसाहेबाच्या उत्तरावर केली, कारन त्यांचे गुन जास्ती व्हते. त्या चार वळी कुनाच्या ते आज पोरीनं काढून दावलं. त्या नागनाथच्या हायेत."

मी ते जुनं पान उघडून बघितलं. वर माझं उत्तर, पोटफुगीची व्याख्या, पोटफुगीचे प्रकार, आणि त्यावर हिरवी खूण. खाली चार ओळी, शून्य गुण. मी निखिलला फोन केला आणि विचारलं, हे पंधरा गुण माझ्या नावावरून काढून त्या मुलाच्या नावावर घालता येतील का? तो म्हणाला, "सर, तशी सोयच ठेवलेली नाही. का?" मी म्हणालो, "सहज." ते अजून माझ्याच नावावर आहेत, आणि त्यांच्यामुळं मी अजून सगळ्यांत वर आहे.

मनीषानं वडिलांच्या उत्तरावर खूण केली. तिचं सगळं इनाम वडिलांना गेलं. आणि पहाटे यंत्रानं बघितलं, की देणारी आणि घेणारा दोघं एकाच मोबाइलवर आहेत. त्यानं सगळे गुण काढून घेतले. सकाळी माझ्यापुढं मंजुरीसाठी आश्रुबांचं नाव आलं, लाल पट्टीसकट. या वेळी मी ते बटण दाबलं नाही. आधी फोन हातात घेतला, तेवढ्यात तो वाजला. आश्रुबाच होते.

"डॉक्टरसाहेब, बुधवारी सुपारी फोडायची हाय. नांदूरघाटहून मंडळी येनार हायेत. तुमी यायचं, वहिनीसायबाला घिऊन यायचं."

मी "येतो" म्हणालो. मग नोकरी आठवली, आणि घसा साफ करून म्हणालो, "आश्रुबा, ते तुमचे गुण... एकाच मोबाइलवरून असल्यामुळं यंत्रानं—"

"गेले ना? बघितलं म्या सकाळी," ते म्हणाले. "आसू द्या. सोयरीक मोडल्यापसून पोरगी एक शबुद बोलत न्हवती माझ्याशी. तिच्याजवळ व्हते तेवढे तिनं काल मला दिले. ते मला म्हाईत हाय, तिला म्हाईत हाय. यंत्राला कशाला म्हाईत पायजे?"

मी नियम सांगितला नाही.